सातारा-कोल्हापूरची यादवी : कागद, बखर व शाळेतील पाठ

इ. स. १७०७ ते १७३१ या चोवीस वर्षांत मराठी राज्यात जो अंतःकलह माजला, त्यास आपल्याकडे 'यादवी' म्हणण्याचा प्रघात आहे. नाव सोयीचे आहे आणि त्यातच त्याचा दोष आहे. मौसलपर्वातील यादव प्रभासक्षेत्री मद्य पिऊन, एरका गवताची पाती उपटून एकमेकांस मारतात. कारण विचारावे तर ऋषींचा शाप. जे शापाने घडले त्याची आणखी मीमांसा करण्याचे प्रयोजन राहत नाही, आणि 'यादवी' हा शब्द उच्चारला की शिक्षक व विद्यार्थी दोघेही सुटतात. दुसरा शब्द 'भाऊबंदकी'. त्याने तर सारे प्रकरण शेताच्या बांधावरील भांडणाइतके लहान होऊन बसते. या दोहोंहून नेमका शब्द संस्कृतात आहे, तो 'भ्रातृव्य'. भावाचा मुलगा हा त्याचा एक अर्थ आणि शत्रू हा दुसरा. दोन्ही अर्थांसाठी पाणिनीने निरनिराळे प्रत्यय सांगितले आहेत, म्हणजे वर्ण तेच राहतात आणि भेद केवळ स्वराचा होतो. शाहू महाराज हे ताराबाईंच्या दिराचे पुत्र, अर्थात भ्रातृव्य. राजाराम महाराजांच्या हयातीत हा शब्द एका स्वरात उच्चारला जात होता, १७०७ मध्ये तो दुसऱ्या स्वरात ऐकू येऊ लागला. स्वर कोणी पालटला व कशासाठी पालटला, हे सांगणे इतिहासाचे काम आहे. ते आपल्या शालेय पाठांनी केले नाही, आणि पुष्कळ अंशी आम्हा संग्राहकांनीही केले नाही, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, ते येथे मांडतो.

प्रथम स्वतःचा दोष कबूल करणे बरे. संस्कृत हा माझा विषय असला तरी शाळेत माणसे थोडी असल्याने इतिहासाचे तासही माझ्याकडे येत. तीसहून अधिक वर्षे मी हा भाग शिकविला. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा असे : औरंगजेब मेला, आज्जमशहाने शाहूंस सोडले, ताराबाईंनी त्यांस तोतया ठरविले, खेडला लढाई झाली, बाळाजी विश्वनाथाने डाव सावरला, पुढे वारणेचा तह. परीक्षेत प्रश्न येई, 'ताराबाईंच्या पराभवाची कारणे द्या'. त्याचे चार मुद्द्यांचे उत्तर मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ते उतरून घेत. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, १७०० पासून १७०७ पर्यंत बादशहाशी लढाई कोणी चालविली?" मी म्हणालो, ताराबाईंनी. तो म्हणाला, "मग पुढच्याच ओळीत त्या अडथळा कशा झाल्या?" मी त्यास काही तरी सांगून खाली बसविले. काय सांगितले ते आता स्मरत नाही. प्रश्न मात्र सेवानिवृत्तीनंतरही पाठ सोडीत नाही, आणि प्रस्तुत लेख हे त्याचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

या अर्ध्या पानाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. शालेय पुस्तके मोठ्या इतिहासग्रंथांवरून होतात, ते ग्रंथ पूर्वी बऱ्याच अंशी ग्रँट डफच्या वाटेने चालत, आणि डफची वाट बखरींवरून गेलेली होती. डफ साहेब १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा उद्योग अचाट होता यात शंका नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीका लिहिली तीही त्या उद्योगाचा मान राखूनच. परंतु ज्या दरबारी तो बसला होता ती गादी शाहूंची होती, हे विसरून चालत नाही. बखरींपैकी या प्रकरणी मुख्य आधार मल्हार रामराव चिटणिसाचा. हा लेखक बाळाजी आवजी व खंडो बल्लाळ यांच्याच घराण्यातला. साताऱ्याच्या छत्रपतींचा हा आश्रित, घटनांनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहितो. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेवविल्या, धनाजी जाधवाने शाहूंची खात्री करून घेतली, आणि त्या कामी खंडो बल्लाळाची निष्ठा उपयोगी पडली, या परंपरेने चालत आलेल्या कथेत चिटणीस घराण्याचा पूर्वज बरोबर योग्य जागी उभा असतो. एवढ्यावरून कथा खोटी ठरत नाही. पूर्वज खरोखरच तेथे उभा असू शकेल. मात्र जो साक्षीदार वादीच्या घरी जेवतो, त्याची जबानी ज्या सावधपणाने घ्यावयाची तो सावधपणा आपल्या पाठ्यपुस्तकांनी दाखविला नाही.

मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात त्याचे येथे स्मरण होते. स्तुती व निंदा यांस स्वतंत्र प्रामाण्य नाही. कोणत्या तरी विधीचे अंग म्हणून त्या येतात, आणि तो विधी सापडला की त्यांचे प्रयोजन कळते. चिटणिशी बखरीतील ताराबाईंची महत्त्वाकांक्षा, हट्ट वगैरे जी वर्णने आहेत, तो निंदार्थवाद होय. त्याचा विधी 'साताऱ्याची गादी हीच मूळ गादी' असा आहे. हा विधी बाजूस काढून ठेवला म्हणजे बखरीत जे उरते ते पुष्कळ उपयोगी असते. आपण मात्र विधी टाकला आणि निंदा तेवढी पाठ केली.

आता कागद काय म्हणतात ते पाहू. राजाराम महाराजांनी १६९७ मध्ये शंकराजी नारायण सचिव यांस लिहिलेले पत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्याचा आशय असा की, शाहू हेच राज्याचे खरे अधिकारी होत, ईश्वर त्यांस कधी काळी स्वदेशी आणील, आणि आपण हा कारभार त्यांच्यासाठीच चालवितो. एवढ्या एका पत्राने वारशाचा निवाडा होत नाही हे मान्य. संकटकाळी पुढाऱ्यांस जोडून ठेवण्यासाठी राजे लोक अनेक गोष्टी लिहितात. पण पत्र कोणास लिहिले आहे तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. ताराबाईंनी आपल्या पुत्रास, शिवाजीस, गादीवर बसविले आणि प्रधानमंडळ त्यांच्यामागे उभे राहिले, त्यात हे शंकराजीपंतही होते. सात वर्षे त्यांनी त्या गादीची चाकरी केली आणि तिच्या निष्ठेची शपथ वाहिली. मग १७०७ च्या मे महिन्यात माळव्यात शाहूंची सुटका झाली. ज्याविषयी थोरल्या धन्याने दहा वर्षांपूर्वी लिहिले होते तो पंचविशीतला राजपुत्र प्रत्यक्ष दारात येऊन ठेपला. सचिवांच्या दप्तरात एक कागद आणि गळ्यात दुसरी शपथ. त्याच वर्षी आंबवडे येथे त्यांचा अंत झाला, आणि ती जलसमाधी होती असे परंपरा सांगते. शाहू महाराजांनी मागाहून त्यांच्या अल्पवयी पुत्राकडे, नारो शंकराकडे, सचिवपद कायम केले.

या एका प्रसंगात अवघी यादवी सामावली आहे, आणि शालेय पुस्तकांत नेमका हाच नाही. तेथे सरदार 'शाहूच्या पक्षास मिळाले' असे एका क्रियापदात सांगून मोकळे होतात, जणू वारा फिरला आणि शिडे वळली. धनाजी जाधव ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या रणात बाजू बदलतो, त्याचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये उलट बाजूस जातो व पुढे निजामाकडे निघून जातो. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंचा, १७१४ पासून शाहूंचा. या मंडळींस निष्ठावान व फितूर अशा दोन रकान्यांत बसविणे मुलांच्या दृष्टीने सोपे खरे, पण मग सचिवांस कोणत्या रकान्यात घालावयाचे? प्रतिनिधींच्या घराकडे पाहा. परशुराम त्रिंबक ताराबाईंच्या बाजूने लढले, कैद झाले, पुढे शाहूंकडून प्रतिनिधिपद मिळवून साताऱ्यास राहिले. त्यांचा एक पुत्र श्रीपतराव शाहूंच्या अत्यंत मर्जीतला, तर दुसरा कृष्णाजी कोल्हापूरकरांचा प्रतिनिधी होऊन विशाळगडी गेला. एकाच बापाचे दोघे मुलगे दोन गाद्यांचे प्रतिनिधी! यास लबाडी म्हणावे की घर राखण्याची शहाणी रीत म्हणावी, याचा निर्णय मी तरी करू धजत नाही. कुरुक्षेत्री शल्य मामाच कौरवांकडून उभा होता, त्यास व्यासांनीही एका शब्दात निकालात काढले नाही.

इकडे काही काळापासून दुसऱ्या टोकाचे लेखन वाचावयास मिळते, त्याविषयीही लिहिले पाहिजे. ताराबाईंची बाजू मांडणाऱ्यांनी फार मोठे काम केले आहे. डॉ. आप्पासाहेब पवार यांनी १९६९ पासून शिवाजी विद्यापीठातर्फे 'ताराबाईकालीन कागदपत्रे' प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा विषय बखरींच्या हातून कागदांच्या हाती आला, हे त्यांचे ऋण कोणीही मान्य करील. खाफीखानासारखा परपक्षाचा इतिहासकार बाईंच्या कर्तबगारीची ग्वाही देतो, ती तर सर्वांत भारी साक्ष. गेलेले राज्य राजारामांनी व त्यांच्या पश्चात आपण पुन्हा उभे केले, म्हणून ते राजारामांच्या वंशाचे, ही बाईंच्या पक्षाची मांडणी पोकळ नव्हती. जो वाचवितो त्याचे की जो जन्मतो त्याचे, हा प्रश्न धर्मशास्त्रातही सुटलेला नाही. परंतु या मांडणीतून काही उत्साही लेखक असा सिद्धांत काढतात की, शाहू म्हणजे मोगलांनी सोडलेला मांडलिक आणि ताराबाई म्हणजे केवळ स्वातंत्र्य. हे कागदांस धरून नाही. १७०९ च्या सुमारास बहादुरशहाच्या दरबारी दख्खनच्या सरदेशमुखीसाठी दोन्ही पक्षांचे वकील उभे होते. शाहूंच्या मागे झुल्फिकारखान आणि ताराबाईंच्या मागे वजीर मुनीमखान. बादशहाने कोणासही सनद न देता आपसांतले भांडण आधी मिटवा असे सुचवून दोघांचीही बोळवण केली. म्हणजे दाराशी दोघेही गेले होते. पुढे १७२७ मध्ये निजामाने 'तुमच्यातील खरा राजा कोण ते ठरू द्या' असे म्हणून चौथाई अडविली व स्वतः पंच होऊ पाहिले, तो याच डावाचा उत्तरभाग. त्याचा निकाल फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडास लागला.

आणि जेजुरीचे काय? १७०७ मध्ये ज्या बाईंनी पुतण्यास तोतया म्हटले, त्यांनीच १७४९ मध्ये रामराजा आपला नातू असल्याची ग्वाही देऊन त्यास साताऱ्याची गादी मिळवून दिली. पुढच्याच वर्षी त्यास किल्ल्यावर अटकेत ठेवले, आणि १७५२ मध्ये खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे अशी शपथ वाहिली. बाईंच्या चाहत्यांस हा प्रसंग अडचणीचा वाटतो व ते तो लवकर आटोपतात. प्रतिपक्षीय लेखक तो पहिल्या पानावर घेतात. दोघांनाही एक सुचत नाही. 'तोतया' हा शब्द त्या काळच्या राजकारणात ओळख पटविण्यापुरता नव्हता. तो दावा नाकारण्याचा कायदेशीर शब्द होता. १७०७ मध्ये तो बाईंच्या तोंडी कितपत विश्वासाने आला आणि कितपत वकिलीने आला, हे १७५२ वरून थोडेबहुत अजमावता येते.

माझ्या मते या कलहाचे तात्पर्य त्याच्या उपक्रमापेक्षा उपसंहारावरून अधिक कळते. १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह शाळेत सीमेपुरता शिकवितात : वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकरांचा, उत्तरेचा साताऱ्याचा. नकाशावर रेघ ओढली की पाठ संपला. पण त्याच तहात एकाच्या चाकरास दुसऱ्याने ठेवू नये असेही कलम आहे. हे कलम वाचताच चोवीस वर्षांचा हिशेब उलगडतो. भांडण दोन गाद्यांचे खरे, पण ते लांबले ते चाकरांमुळे. ज्याचे वतन एका दरबारी अडले त्यास दुसरा दरबार खुला होता, आणि ज्यास दुसरा दरबार खुला आहे त्यास पहिला दरबार नाराज करू शकत नव्हता. सरंजामांची मुळे पसरली ती या खतावर. बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले ते त्याच्या अंगच्या गुणांमुळे हे निर्विवाद. मात्र माणसे ओढून आणणारा माणूस त्या घडीस सेनापतीहूनही मोलाचा झाला होता, हेही तितकेच खरे.

याच दृष्टीने आज्ञापत्राकडे पुन्हा पाहावे असे मी सुचवितो. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून मानलेले हे प्रकरण आपण शिवछत्रपतींच्या राजनीतीचा सारग्रंथ म्हणून शिकवितो, आणि ते योग्यही आहे. पण ते १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या नावाने निघालेले आहे. म्हणजे आदल्याच वर्षी पन्हाळ्यावर क्रांती होऊन ताराबाई व त्यांचे पुत्र अटकेत पडलेले, राजसबाईंचे पुत्र गादीवर आलेले, आणि साताऱ्याकडे एकामागून एक सरदार चाललेले. त्यात वतनदारांस राज्याचे 'दायाद' म्हटले आहे. दायाद म्हणजे वाटेकरी भाऊबंद. भ्रातृव्याशी लढता लढता अमात्यांस खरे भाऊबंद निराळेच दिसले! हा संदर्भ काढून टाकला की ग्रंथ सुभाषितांचा संग्रह होतो. संदर्भासह वाचला तर वृद्ध मुत्सद्द्याने जळते घर पाहून केलेले टिपण होतो. वर्गात मी तो सुभाषितांप्रमाणेच शिकविला, हे ओघाने आलेच.

आता आपल्या संग्राहक बांधवांविषयी थोडे. या काळातील कागदांची तारीख व पक्ष ठरविताना ज्या चुका होतात त्यांपैकी एक येथे नोंदवितो, कारण तीत मीही एकदा सापडलो होतो. राज्याभिषेक शक दोन्ही दरबारांनी चालविला, म्हणून केवळ शकावरून पक्ष कळत नाही. नावांचीही तीच गत. 'शंभु छत्रपति' म्हणजे थोरले संभाजी महाराज, राजशक ७ ते १५ च्या सुमाराचे, किंवा कोल्हापूरचे संभाजी, राजशक ४१ पासून पुढचे. आकडा धड असेल तर प्रश्न नाही. पण कसरीने दशकाचा अंक खाल्ला असेल आणि एककाचा ७ तेवढा उरला असेल, तर लोक संवत्सरावर विसंबतात. माझ्यापुढील कागदावर रौद्र संवत्सर होते. शके १६०२ रौद्र, म्हणजे १६८०, म्हणजे थोरले महाराज, असे मी आनंदाने टिपून ठेवले. साठ वर्षांनी शके १६६२ देखील रौद्रच येते, राजशक ६७, आणि तेव्हा कोल्हापुरी पुन्हा संभाजीच राज्य करीत होते, हे ध्यानात यावयास मला चार महिने लागले. राजा तोच, संवत्सर तेच, एककाचा अंकही तोच. अशा ठिकाणी तिथीशी वार जुळतो की नाही ते गणिताने पाहणे व शिक्का निरखणे, एवढाच उपाय. माझ्या कागदाचा वार १७४० शी जुळला. मोठ्या कष्टाने मिळविलेला 'शंभुकालीन' कागद साठ वर्षांनी धाकटा झाला, आणि माझा उत्साहही त्याच मानाने उतरला.

दुसरी गोष्ट चुकीहून वाईट आहे. कृष्णा-वारणेच्या दुआबातील एका जुन्या वतनदार घराण्यात मी कागद पाहावयास गेलो होतो. घरधनी वयोवृद्ध, अगत्यशील. त्यांनी रुमाल सोडून शाहू महाराजांचे अभयपत्र अभिमानाने पुढे केले. सन समान मया व अलफ, म्हणजे ११०८ सुहूर, इ. स. १७०७-८. त्याच रुमालात खाली, दुसऱ्या कागदांत गुंडाळलेले, त्याच गावच्या त्याच वतनाचे, त्याच वर्षाचे आणखी एक पत्र होते. ते ताराबाईंच्या पक्षाकडून, शिवछत्रपतींच्या, अर्थात त्यांच्या पुत्राच्या, नावाने होते. मी ते उचलताच म्हातारबुवा संकोचले. म्हणाले, "गुरुजी, ते राहू द्या. वडील म्हणत, ते दाखवावयाचे नसते." तीनशे वर्षे होत आली, दोन्ही दरबार गेले, वतनेही गेली, आणि तरी त्या घरात एक कागद वर व एक खाली असा क्रम टिकून होता! शके १६२९ चे संवत्सर सर्वजित्, पण त्या घराने काय जिंकले असेल ते त्या रुमालाच्या गाठीत पाहावे.

हे असे एकच घर असेल असे मला वाटत नाही. ज्या मुलखावरून दोन्हीकडील फौजा वर्षातून दोनदा जात, तेथल्या पाटील-देशमुखांनी दोन्हीकडून पत्रे घेतली असणार. त्यांपैकी हरलेल्या पक्षाचे पत्र आधी लपले, मग विसरले गेले, आणि शेवटी रद्दीत गेले असणार. संग्राहकही जिंकलेल्या पक्षाचे कागद आधी नकलून घेतात, कारण तेच पुढे केले जातात. मग संपादक त्यांवरून इतिहास रचतो, शिक्षक तो अर्ध्या पानात शिकवितो, आणि मागच्या बाकावरच्या मुलास उत्तर मिळत नाही. आज पुन्हा वर्ग हाती आला तर मी चार मुद्दे लिहून देणार नाही. राजाराम महाराजांचे सचिवांस लिहिलेले पत्र, हे दोन अभयपत्रे आणि वारणेच्या तहातील चाकरांचे कलम, इतकेच मुलांपुढे ठेवीन, आणि सचिवांच्या जागी तुम्ही असता तर काय करता, असे विचारीन. उत्तरे एकसारखी येणार नाहीत. तपासावयास त्रास होईल, हे खरे.

त्या घरधन्यांनी दुसऱ्या पत्राची नक्कल शेवटी घेऊ दिली, मात्र गावाचे व घराण्याचे नाव छापू नये या अटीवर, आणि ती मी पाळली आहे. पत्र पुन्हा होते तेथेच, खाली ठेवून आलो. एकाच वतनाविषयी १७०७ ते १७३१ या काळात दोन्ही दरबारांकडून मिळालेली अशी जोडपत्रे ज्यांच्या पाहण्यात असतील, त्यांनी शिक्क्याचा ठसा, तिथी, वार व संवत्सर यांसह दोन्हींच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. एकच पाठविणे शक्य असेल तर खालचे पाठवावे.